सुट्टीतली उमेदवारी: बी.एस्सी. करतानाच संशोधनाची इंटर्नशिप कशी मिळवावी आणि कशी करावी

आमच्या वेळी टायट्रेशनच्या प्रॅक्टिकलला सी.बी.आर., म्हणजे पुन्हा पुन्हा तेच येणारं ब्युरेटचं रीडिंग, किती येणार हे ब्युरेट भरायच्या आधीच ठाऊक असायचं. मागच्या बॅचमधल्या कुणाचं तरी जर्नल हाताशी असे, त्यातला ९.८ हा आकडा उचलायचा आणि तीन रीडिंग एकाखाली एक लिहून टाकायची. जर्नल सर्टिफाय व्हायचं. एक्स्टर्नलनीही कधी विचारलं नाही की तिन्ही वेळा अगदी तेवढंच कसं आलं. आता मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला असते, तालुक्याच्या गावातल्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, आणि मुलं अजूनही तेच करतात. मी फारशी रागवत नाही. उत्तर आधीच माहीत असलेला प्रयोग कोण जीव लावून करील?

संशोधनाच्या इंटर्नशिपमध्ये उत्तर गाईडलाही माहीत नसतं. मला विचाराल तर सगळा फायदा इथून सुरू होतो. सर्टिफिकेट, बायोडेटामधली ओळ, मोठ्या संस्थेच्या गेटसमोरचा फोटो, हे सगळं त्याच्या मागून येतं.

अकरा दिवस कोरी जेल

माझी एक विद्यार्थिनी एस.वाय.नंतरच्या सुट्टीत पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत गेली होती. उसाच्या मुळांजवळच्या मातीतून वेगळे केलेले जिवाणू ओळखायचे, त्यासाठी त्यांच्या डीएनएतला १६एस जनुकाचा साधारण दीड हजार बेस-पेअरचा तुकडा पीसीआरने वाढवायचा, म्हणजे मशीनमध्ये त्याच्या असंख्य प्रती काढायच्या, असं काम. ऐकायला सोपं. तिने २५ मायक्रोलिटरचं मिश्रण तयार केलं, मशीनला लावलं, संध्याकाळी ॲगॅरोज जेलवर चालवलं. यूव्हीखाली लॅडर, म्हणजे मोजमापासाठी सोबत चालवलेले माहीत लांबीचे तुकडे, छान दिसला, बाकी सगळं काळं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही. पाचव्या दिवशी रात्री तिचा मला फोन, "मॅडम, मला नाही जमणार हे. परत येऊ का?"

परत ये म्हणाले नाही, कारण तशी कोरी जेल मीही पाहिली होती. तिने मग एकेक गोष्ट बदलायला घेतली: नवा प्रायमर (प्रत जिथून सुरू होते तो डीएनएचा छोटा तुकडा), नवा डीएनए, कमी तापमान. शेवटी शेजारच्या प्रयोगशाळेतला एक पीएच.डी.चा मुलगा म्हणाला, "आमचा चालणारा डीएनए घेऊन तुमच्या मिश्रणात चालवून बघ." तोही चालला नाही, म्हणजे दोष डीएनएत नव्हता, मिश्रणात होता. बाटलीवरचं लेबल नीट वाचल्यावर कळलं की त्यांच्याकडे आलेला नवा बफर मॅग्नेशियमविरहित आहे. मॅग्नेशियम क्लोराइड वेगळं घालावं लागतं, आणि मॅग्नेशियमशिवाय टॅक पॉलिमरेज हे प्रती काढणारं एन्झाइम काम करत नाही. बाराव्या दिवशी बँड आला, म्हणजे जेलवर हव्या त्या तुकड्याची पट्टी उमटली.

पॉझिटिव्ह कंट्रोल, म्हणजे नक्की चालणारा नमुना सोबत चालवून बघणं, म्हणजे काय हे मी वर्गात तीन वर्षं फळ्यावर लिहीत होते. तिला ते त्या बाराव्या दिवशी समजलं. चूक कुठे आहे हे शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची, ही सवय तिला लागली आणि आज ती एका औषध कंपनीच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये त्याच सवयीवर पगार घेते. ती संशोधक झाली नाही. झाली असती तर आनंद होता, पण नाही झाली म्हणून ते दोन महिने वाया गेले असं ती म्हणत नाही.

दुसरा एक मुलगा गेला आणि महिन्याभरात त्याला उमगलं की आपल्याला प्रयोगापेक्षा बंद पडलेलं सेंट्रिफ्यूज उघडून बसायला आवडतं. तो आज उपकरणं दुरुस्त करतो आणि उत्तम करतो. आपल्याला काय नको हे एका सुट्टीत कळणं हा मोठा लाभ आहे, कारण पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षी ते कळलं तर फार महागात पडतं. नव्या शैक्षणिक धोरणानंतर तर हे आणखी लवकर कळायला हवं. चार वर्षांच्या पदवीत चौथं वर्ष संशोधनासह ऑनर्स करायचं तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात, आणि ती पदवी ७५ टक्क्यांनी पार केली तर थेट पीएच.डी.च्या प्रवेशासाठी उभं राहता येतं. एवढ्या मोठ्या वाटेला लागण्याआधी दोन महिने पाय बुडवून पाहिलेले बरे.

कुठे जायचं

मुलांना दोनच नावं माहीत असतात, आयआयटी आणि बीएआरसी. यादी त्याहून पुष्कळ मोठी आहे, आणि बरीचशी आपल्या अंगणातली आहे.

एकट्या पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा म्हणजे एनसीएल, विज्ञान शिक्षण आणि संशोधनाची आयसर, पेशींवर काम करणारी एनसीसीएस, आघारकर संशोधन संस्था, हवामानाच्या अभ्यासाची आयआयटीएम आणि खगोलशास्त्राची आयुका. रेडिओ खगोलशास्त्राची एनसीआरएही तिथेच, तिची जीएमआरटी दुर्बीण नारायणगावजवळ खोडदला. मुंबईत कुलाब्याची मूलभूत संशोधनाची टीआयएफआर, माटुंग्याची रसायन तंत्रज्ञानाची आयसीटी, नवी मुंबईत खारघरला कर्करोगावर संशोधन करणारी ॲक्ट्रेक. नागपुरात पर्यावरणाची नीरी आणि कापूस संशोधन संस्था. गोव्यात दोना पावलाला समुद्रविज्ञानाची एनआयओ, वास्कोला ध्रुवीय संशोधनाचं केंद्र.

शेतीशी नातं असलेल्या मुलांना मी हमखास आणखी चार ठिकाणं सांगते: राजगुरुनगरची कांदा-लसूण संशोधन संस्था, मांजरीचं द्राक्ष संशोधन केंद्र, सोलापूरचं डाळिंब संशोधन केंद्र आणि बारामतीजवळ माळेगावची अजैविक ताण (म्हणजे दुष्काळ, उष्णता यांचा पिकांवरचा ताण) संस्था. तिकडे अर्जांची झुंबड कमी असते. शिवाय ज्या मुलाने घरी करपा पडलेला कांदा पाहिलाय, त्याला तिथले प्रश्न समजावून सांगावे लागत नाहीत.

कला शाखेच्या मुलांनी हे आपल्यासाठी नाही असं समजू नये. पुण्यात डेक्कन कॉलेजचं पुरातत्त्व, भांडारकर संस्थेतली हस्तलिखितं आणि अर्थशास्त्रासाठी गोखले संस्था आहे. तिथे जाहिरात क्वचित निघते, विचारावं लागतं.

जाण्याच्या वाटा दोन. एक, ठरलेले कार्यक्रम. तिन्ही विज्ञान अकादमी मिळून दर वर्षी उन्हाळी संशोधन फेलोशिप देतात: बंगळुरूची भारतीय विज्ञान अकादमी, दिल्लीची इन्सा आणि प्रयागराजची नासी. काम दोन महिन्यांचं, निवड झालेल्या विद्यार्थ्याला देशातल्या एखाद्या शास्त्रज्ञाकडे पाठवतात आणि विद्यावेतनही देतात. टीआयएफआरचा आणि आयुकाचा सुट्टीतला कार्यक्रम वेगळा. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा 'नियस' हा उपक्रम मला सगळ्यात आवडतो. तो पदवीच्या सुरुवातीच्या वर्षांतल्या मुलांसाठी आहे. आधी शिबिर, आणि त्यातून निवडलेल्यांना पुढे बराच काळ चालणारा प्रकल्प. एका सुट्टीत उरकायची घाई त्यात नसते.

दुसरी वाट म्हणजे थेट शास्त्रज्ञाला मेल करणं. छोट्या कॉलेजातल्या मुलांना बहुतेक वेळा हीच लागू पडते.

एक पथ्य मात्र पाळा. 'ऑनलाइन रिसर्च इंटर्नशिप, फक्त १९९९ रुपये, सोबत शोधनिबंध प्रकाशित' असे मेसेज व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर फिरत असतात. त्यात ना संशोधन असतं ना इंटर्नशिप. पैसे भरून कुठल्याशा नियतकालिकात छापलेला निबंध पुढे एखाद्या मुलाखतीत कुणी उघडून पाहिला, तर उलट तोंड लपवायची पाळी येते. काही सरकारी संस्थाही विद्यार्थ्याकडून प्रशिक्षणाची फी घेतात, ते वेगळं. त्याची पावती असते आणि दर संस्थेच्या वेबसाइटवर लिहिलेला असतो.

तयारी दिवाळीत

मे महिन्याच्या कामाची तयारी मार्चमध्ये करायला घेतलीत तर उशीर झाला समजा. बहुतेक जाहिराती ऑक्टोबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान येतात, अकादमींच्या फेलोशिपचे अर्ज तर बहुधा नोव्हेंबरातच संपतात. तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत तीन कामं उरका: बारावीपासूनच्या सगळ्या गुणपत्रिकांचे स्वच्छ स्कॅन, एका पानाचा बायोडेटा, आणि तुम्हाला नावानिशी ओळखणारे दोन शिक्षक. शिफारसपत्र लागतं आणि ते आदल्या रात्री मागितलं तर आम्ही तीच ती चार ओळींची रटाळ पत्रं देतो. खरं सांगते, मीही दिली आहेत.

एक पेपर नीट वाचा

पेपर म्हणजे परीक्षेचा नव्हे, शोधनिबंध. ज्यांच्याकडे जायचंय त्यांच्या वेबसाइटवरून एक अलीकडचा निवडा. विकत घ्यावा लागत असेल तर तो सोडा आणि फुकट उघडणारा घ्या, बरेच मिळतात. पहिल्या ओळीपासून वाचायला बसलात तर दुसऱ्या परिच्छेदात झोप येईल. आधी सारांश वाचा, मग सरळ आकृत्या आणि त्यांच्या खालचा मजकूर. प्रत्येक आकृतीसाठी वहीत मराठीत एक वाक्य लिहा: हे का केलं आणि काय दिसलं. अडलेले शब्द बाजूला काढा. पहिल्या वाचनात निम्मं डोक्यावरून जाणारच. पण 'यांनी हे तापमान ३७ अंशच का ठेवलं?' असा एक जरी खरा प्रश्न निघाला तरी काम झालं. तो प्रश्न मेलमध्ये जाणार आहे.

मेल

मेल इंग्रजीतच जाईल, म्हणून मजकुराचा सांगाडा तेवढा सांगते.

पहिलं वाक्य: मी अमुक कॉलेजात, अमुक वर्षाला, अमुक विषय शिकते. दुसरं आणि तिसरं: तुमचा अमुक निबंध वाचला, त्यातल्या अमुक भागाबद्दल मला असा प्रश्न पडला. चौथं: मला हे हे करता येतं. त्यात खोटं काही नको. 'स्ट्रीक प्लेटिंग आणि ग्रॅम स्टेनिंग नीट येतं, पीसीआर कधी केलेलं नाही' असं लिहिलेलं मेल गाईडला आवडतं, कारण काय शिकवावं लागेल ते त्यांना लगेच कळतं. पाचवं: माझी परीक्षा अमुक तारखेला संपते, तिथून आठ आठवडे मी पूर्ण वेळ येऊ शकते. बस्स. 'लहानपणापासून विज्ञानाची आवड' हे वाक्य आलं की वाचणारा पुढचं मेल उघडतो.

प्रत्येकाला वेगळं मेल पाठवा. एकाच मेलमध्ये तीस जणांचे पत्ते घालणारी मुलं अजून आहेत. आणि पाठवण्याआधी तो शास्त्रज्ञ बाई आहे की पुरुष हे बघा. आमच्या एका हुशार मुलाने एका ज्येष्ठ संशोधक बाईंना तीनदा 'रिस्पेक्टेड सर' लिहिलं होतं. बाईंनी उत्तर दिलं, जागाही दिली, पण पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर त्याची जी फिरकी घेतली ती तो अजून सांगतो.

पंधरा मेल गेली आणि दोन उत्तरं आली तर माझ्या अनुभवात ते चांगलं मानायचं. दहा दिवसांनी एकदाच, अगदी दोन ओळींची आठवण करा. त्यावरही उत्तर नाही आलं तर नाद सोडा आणि पुढचं नाव घ्या. फोन करू नका.

कागद, पैसे, खोली

होकार आला की बोनाफाइड आणि प्राचार्यांच्या सहीचं ना-हरकत पत्र लागतं. विद्यापीठाच्या परीक्षा पुढे ढकलल्या जातात हे आपल्याला सवयीचं आहे, संस्थेला नाही. वेळापत्रक बदललं की त्याच दिवशी कळवा.

पैशाचं उघड बोला. थेट मेलवर मिळालेल्या जागेत विद्यावेतन बहुधा नसतं, आणि पुण्या-मुंबईत दोन महिन्यांची कॉट, मेस आणि बसभाडं हा शेतकऱ्याच्या घरी लहान आकडा नाही. केंद्र सरकारची इन्स्पायर शिष्यवृत्ती असलेल्यांसाठी सोय आहे: वर्षाच्या ८०,००० रुपयांतले २०,००० उन्हाळी प्रकल्पासाठीच असतात, अट एवढीच की प्रकल्प खरोखर करून अहवाल द्यायचा. बाकीच्यांनी वसतिगृहाची चौकशी होकाराच्या उत्तरातच करावी. सुट्टीत संस्थांच्या वसतिगृहात कधी जागा असते, पण ती मागणाऱ्याला मिळते. आणि नाहीच जमलं, तर रोज एसटीने जाऊन-येऊन होईल असं जवळचं ठिकाण निवडण्यात काही कमीपणा नाही.

पहिले दोन आठवडे

तुम्हाला शिकवणार आहे तो एखादा पीएच.डी.चा विद्यार्थी. सर किंवा मॅडम आठवड्यातून पंधरा-वीस मिनिटं भेटतील. त्या पीएच.डी.च्या ताईचा किंवा दादाचा वेळ त्यांच्या स्वतःच्या प्रबंधातून कापून तुम्हाला मिळतोय हे लक्षात असू द्या. एकच गोष्ट चौथ्यांदा विचारण्यापेक्षा पहिल्यांदाच लिहून घ्या. ग्लोव्ह घातलेल्या हाताने दाराची कडी, फोन किंवा स्वतःचा चष्मा धरू नका. नव्या माणसाची पारख प्रयोगशाळेत आधी यावरून होते.

इंग्रजीची धास्ती घेऊन जाणारी मुलं बरीच. जेवायच्या टेबलावर हिंदी-मराठीच चालते आणि खरं शिकणं बरंचसं तिथे होतं. लॅब मीटिंगमध्ये इंग्रजी असते. तिथे आठवड्याला एक प्रश्न विचारायचा असं आधीच ठरवून, कागदावर लिहून जा. मोडकंतोडकं चालतं.

काचेची भांडी धुवायला लागली तर धुवा, जिवाणू वाढवायचा मीडिया ओता, निर्जंतुक करायचा ऑटोक्लेव्ह लावा. हेही काम आहे. पण दोन आठवडे उलटले आणि लेबलं चिकटवण्यापलीकडे हातात काही आलं नाही, तर गाईडना भेटून सरळ विचारा, "या दोन महिन्यांत मी शोधायचा माझा स्वतःचा छोटा प्रश्न कोणता?" उद्धटपणा वाटत नाही. बहुतेकदा ते त्यांच्या ध्यानातून गेलेलं असतं.

वही

सगळ्या लेखातलं एकच पाळायचं असेल तर हे पाळा. जर्नल लिहितो तशी वही लिहू नका. जर्नल प्रयोग संपल्यावर, घरी, सुंदर अक्षरात लिहितात. ही वही प्रयोग चालू असताना, ओल्या टेबलाशेजारी, पेनाने लिहायची. चुकलं तर एक रेघ मारायची, पान फाडायचं नाही, व्हाइटनर तर नाहीच.

एका दिवसाचं पान कसं दिसतं ते सांगते. वर तारीख. मग आज काय तपासतोय ते एका ओळीत. मग प्रमाण, आणि प्रत्येक रसायनाच्या बाटलीवरचा लॉट नंबर. त्या मुलीने बफरचा लॉट नंबर पहिल्या दिवशी लिहिला असता तर जुन्या आणि नव्या बाटलीतला फरक तिसऱ्या दिवशी डोळ्यांत भरला असता. मग जे घडलं ते, जसं घडलं तसं: 'लाइट गेली, इनक्युबेटर साधारण ४० मिनिटं बंद.' 'तिसऱ्या नळीत दोनदा टाकलं असावं.' खाली जेलचा फोटो, चिकटवलेला. आणि शेवटी उद्या काय बदलणार.

आकडा वाईट आला तरी तोच लिहायचा. तीन रीडिंग ९.६, ९.९ आणि ९.७ आली तर तीच. आपल्या सगळ्यांना सी.बी.आर.ची सवय आहे, म्हणून हे मुद्दाम सांगावं लागतं. कॉलेजात जुळवलेल्या आकड्याने फार तर मार्क वाढतात. तिथे तुमच्या आकड्यावर दुसरा कुणीतरी पुढचं काम उभं करणार असतो.

दर शुक्रवारी गाईडना अर्ध्या पानाचं मेल पाठवा: काय केलं, काय आलं, कुठे अडलं. आठ शुक्रवारांची आठ मेल जोडली की अहवालाचा कच्चा मसुदा तयार असतो.

शेवटचे दहा दिवस

नवा प्रयोग सुरू करू नका. 'अजून एकदाच करून बघते' असं म्हणत मुलं शेवटच्या रात्रीपर्यंत राबतात आणि अहवाल गाडीत लिहितात.

त्याऐवजी आवराआवर करा. उणे २० च्या फ्रीजमधला तुमचा डबा काढा, प्रत्येक नळीवर नाव आणि तारीख वाचता येते का बघा, आणि कुठल्या खणात काय आहे त्याचा नकाशा एका कागदावर काढून डब्याच्या झाकणात आणि वहीत लावा. 'एम १' असं लिहिलेल्या नळीत काय होतं हे तुम्ही गेल्यावर कुणालाच सांगता येत नाही, आणि मग ती टाकून देतात. मूळ वही प्रयोगशाळेचीच असते, झेरॉक्स न्यायची तर विचारून न्या. तिथली माहिती आणि फोटो परवानगीशिवाय इन्स्टाग्रामवर टाकू नका.

शोधनिबंधात माझं नाव येईल का, हे प्रत्येकालाच विचारायचं असतं. दोन महिन्यांच्या कामावर सहसा येत नाही, फार तर शेवटच्या आभारांत येतं. विचारायला हरकत नाही, पण सुरुवातीला आणि शांतपणे. निरोपाच्या दिवशी विचारलं की दोघांनाही अवघडतं.

परत आल्यावर

शिफारसपत्राची विनंती महिन्याच्या आत करा, तुमचा चेहरा आणि काम दोन्ही आठवत असतात. सोबत आपण काय काय केलं त्याची पाच ओळींची यादी द्या, पत्र लिहिणाऱ्याचं काम हलकं होतं. बायोडेटामध्ये 'मॉलिक्युलर बायोलॉजीचं प्रगत ज्ञान' लिहू नका. 'बारा जिवाणूंचा डीएनए काढला, १६एस पीसीआर आणि जेल स्वतः केलं' असं लिहा, मुलाखतीत त्यावरच प्रश्न येतील आणि त्यांची उत्तरं तुमच्याकडे असतील. कॉलेजात विद्यार्थ्यांच्या संशोधनाची आविष्कार स्पर्धा असतेच. तिथलाच प्रश्न, गाईडच्या परवानगीने, आपल्या प्रयोगशाळेत जमेल एवढा करून मांडता येतो.

आणि निकाल लागला, प्रवेश मिळाला, नोकरी लागली, की त्या पीएच.डी.च्या ताईला एक मेल टाका. माझ्या विद्यार्थिनीने टाकलं होतं. उत्तरात फक्त एका जेलचा फोटो आला, पूर्ण कोरा, आणि खाली एक ओळ: 'नवीन मुलगा आलाय, आज चौथा दिवस.'